पहारेकरी जागेवर आहे का?

पालीत उभे राहून मान वर केली की सरसगड दिसतो. समजा, गडावर पहारेकरी आहे की नाही हे आपल्याला रात्री खालूनच ठरवायचे आहे. चौकीत दिवा दिसला म्हणजे तो आहेच, असे म्हणावे काय? दिवा तसाच ठेवून तो निघून गेला असेल तर?

युनिक्स ही संगणकप्रणाली १९६९ पासून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडत गेली. तिच्यात एका वेळी अनेक प्रोग्रॅम चालतात आणि चालू असलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो. काही प्रोग्रॅम पहारेकऱ्याचे काम करतात. दुसरा एखादा बंद पडला, की त्याला पुन्हा सुरू करतात. पण एकाच कामावर दोन पहारेकरी नेमले गेले, तर ते काम दोनदा सुरू होऊन घोटाळा होतो. म्हणून आधी विचारायचे : पहिला आहे का?

असाच प्रश्न टेलिफोनच्या लाइनबाबतही होता. मुंबईत १९८६-८७ च्या सुमारास एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात ई-मेल सुरू झाली, ती यूयूसीपी या युनिक्सवरील प्रोग्रॅममुळे. लाइन धरणारा प्रोग्रॅम आधी एक 'कुलूप-फाइल' तयार करी. ती दिसली, की दुसरा थांबे. पण पहिला मध्येच बंद पडला तर फाइल तशीच राही. चौकी रिकामी, दिवा मात्र जळतो आहे!

उपाय निघाला. फाइलमध्ये आपला क्रमांक लिहायचा. विचारणाऱ्याने त्या क्रमांकाला 'शून्य' संकेत पाठवायचा. हा संकेत काही करत नाही, कोणी आहे की नाही एवढेच कळते. तरी फट उरलीच. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत क्रमांक ३०,००० च्या आतच फिरत. जुना क्रमांक नव्याला मिळाला, तर हाकेला 'ओ' भलताच देणार!

१९८३ च्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत कुलूप प्रणालीच्या गाभ्याकडेच सोपवता येऊ लागले. धरणारा संपला की ते आपोआप सुटते. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या डेमनटूल्समध्ये (०.७६ ही आवृत्ती २००१ ची) पहारेकरी एका नळीचे वाचायचे टोक उघडे धरून बसतो. विचारणारा लिहिण्याचे टोक उघडून पाहतो. पलीकडे कोणी नसेल, तर प्रणाली लगेच नकार देते.

हजेरीपटावर सकाळी मांडलेली खूण दुपारी वर्गात कोण आहे हे सांगत नाही. त्यासाठी आपल्याला पुन्हा हाकच मारावी लागते.