ऋणदाब जखमोपचार : ड्रेसिंग व परिचर्या

जखमेत निर्जंतुक फोम बसवून, वरून पारदर्शक चिकट फिल्मने ती हवाबंद करून पंपाने आतली हवा व स्राव ओढून घेण्याची उपचारपद्धती. वॉर्डात तिला ‘व्हॅक’ म्हणतात. जर्मनीत व्हिम फ्लाइशमान यांनी १९९३ मध्ये उघड्या अस्थिभंगांवरील तिचा वापर नोंदवला. अमेरिकेतील लुई अर्जेंटा व मायकेल मोरिक्वास यांचे शोधनिबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर ती जगभर रूढ झाली. मधुमेही पायाच्या जखमा, शय्याव्रण व अपघाती जखमांसाठी ती वापरतात. ओढीमुळे कडा जवळ येतात, सूज उतरते आणि लालसर, दाणेदार नवे मांस भरू लागते.

उपचाराचा निर्णय व दाब डॉक्टर ठरवतात. ड्रेसिंगची रोजची जबाबदारी मात्र बहुतांशी परिचारिकेवर असते. कर्करोगग्रस्त जखम, उपचार न झालेला हाडाचा जंतुसंसर्ग, काळी खपली किंवा सडके मांस असताना व्हॅक लावत नाहीत. उघड्या रक्तवाहिन्या, चेतातंतू किंवा आतड्यावर फोम थेट ठेवत नाहीत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णाकडे विशेष लक्ष हवे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ व २०११ मध्ये दिलेल्या इशाऱ्यांत रक्तस्रावाने झालेल्या मृत्यूंचा उल्लेख होता. पंपाच्या नळीत किंवा स्राव साठणाऱ्या कॅनिस्टरमध्ये लालभडक रक्त दिसताच पंप बंद करावा, ड्रेसिंग तसेच ठेवून रक्तस्राव थांबवण्याचे उपाय सुरू करावेत आणि डॉक्टरांना तातडीने बोलवावे.

ड्रेसिंग बदलताना फार दुखते, म्हणून वेदनाशामक आधी देऊन त्याचा असर होऊ द्यावा. पंप बंद करून जुन्या फोममध्ये सलाईन सोडावे, थोडे थांबावे आणि फोम सावकाश सोडवावा. ओढून काढल्यास नवे मांस त्याच्याबरोबर निघते. जखम धुतल्यावर भोवतालची कातडी पूर्ण कोरडी करावी. ओलसर कातडीवर फिल्म धरत नाही. नवा फोम जखमेच्या मापाने कापावा, पण जखमेवर धरून नव्हे; कण आत पडतात. तो हलका बसवावा, कोंबू नये. तळ दिसत नाही अशा पोकळीत फोम घालू नये आणि चांगल्या कातडीवर टेकू देऊ नये. फिल्म न ताणता कडेबाहेर ३ ते ५ सेंटिमीटर लावावी. तिला सुमारे अडीच सेंटिमीटरचे गोल भोक पाडावे. नुसती चीर पुरत नाही. भोकावर बसवलेली नळी हाडाच्या उंचवट्यावर किंवा रुग्णाच्या अंगाखाली येऊ देऊ नये.

प्रौढांत दाब सहसा उणे १२५ मिमी पारा असतो. वेदना किंवा रक्तपुरवठा कमी असल्यास डॉक्टर तो कमी करतात. पंप सुरू होताच फोम मनुक्यासारखा आक्रसतो. तो फुगलेलाच राहिला किंवा शिट्टीसारखा आवाज आला, तर हवा गळते आहे. जांघ, नितंबांमधली घडी आणि पायाच्या बोटांलगतची जागा आधी तपासावी व तिथे फिल्मचा तुकडा चिकटवावा. आपल्याकडे अनेक रुग्णालयांत खर्चामुळे यंत्राऐवजी भिंतीवरचे सक्शन वापरतात. त्याला सहसा गजर नसतो, म्हणून प्रत्येक फेरीत हात लावून फोम घट्ट आहे का ते पाहावेच लागते. २४ तासांत एकूण दोन तासांहून जास्त वेळ ओढ बंद राहिली, तर फोम काढून साधे ओलसर ड्रेसिंग करावे. बंद फोमखाली जंतू वाढतात. एरवी ४८ ते ७२ तासांनी, संसर्ग असल्यास त्याहून लवकर ड्रेसिंग बदलतात.

सर्वांत दुर्लक्षित काम फोम मोजण्याचे आहे. आत राहिलेल्या तुकड्यावर मांस वाढते, संसर्ग होतो आणि तो काढायला शस्त्रक्रियाही लागू शकते. म्हणून तुकड्यांची संख्या व तारीख फिल्मवर आणि केसपेपरवर लिहावी, रुग्ण दुसऱ्या वॉर्डात किंवा घरी जाताना ती पुढच्या परिचारिकेला तोंडीही सांगावी. काढलेले तुकडे नोंदीशी जुळले नाहीत, तर नवे ड्रेसिंग लावू नये. जखम पुन्हा तपासावी आणि डॉक्टरांना कळवावे.