नव्या गड्याची जोड

मंडळी, हल्ली शहरांतली कॉलेजची मुले एक बैठा खेळ खेळतात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. समोर कागद, पेन्सिल आणि निरनिराळ्या पैलूंचे फासे. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगू लागतो. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात. वाटेत गुहा लागते, गुहेत राक्षस भेटतो, लढाई जुंपते. कोणाचा वार बसला आणि कोणाचा हुकला हे फासे ठरवतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे या प्रकारातले आद्य नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघा अमेरिकनांनी तो खेळ १९७४ साली बाजारात आणला.

या खेळात सूत्रधाराची खरी परीक्षा होते ती नवा गडी आला म्हणजे. त्याच्यापुढे राक्षस केवढा काढायचा? फार मोठा काढला तर बिचारा पहिल्याच फेरीत गारद. फार लहान काढला तर त्याला जांभया येतात. दोन्ही प्रकारांत पुढच्या रविवारी तो येत नाही. १९७४ च्या मूळ नियमांत नव्या जादूगाराची सगळी प्राणशक्ती सहा पैलूंच्या एका फाशाइतकी होती, आणि शत्रूच्या एका घावाची इजाही तेवढ्याच एका फाशाची. म्हणजे पहिल्या घावाला खेळ आटोपण्याची पुरती सोय! पुढे २००० साली निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक राक्षसाला एक आकडा चिकटवला गेला. अमुक पातळीच्या चार गड्यांना तो झेपेल, असा त्या आकड्याचा अर्थ. पण मुरलेला सूत्रधार नुसत्या आकड्यावर विसंबत नाही. एक थोराड राक्षस परवडला, पण आठ किरकोळ नकोत, हे त्याला अनुभवाने कळलेले असते. कारण आठांना आठ वार करायला मिळतात.

हा प्रश्न अमेरिकेतल्या टेबलावर जन्मला असे मात्र कोणी समजू नये. नवख्याची पहिली लढत कोणाशी लावायची, याचा विचार आपल्याकडे तांबड्या मातीत शेकडो वर्षे चालत आला आहे. तिथे पात्र कागदावरचे नसते. मान खरी असते आणि खांदाही खरा असतो.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा चालुक्यांच्या राज्यात होता. राजाने करमणूक कशी करावी हेही या ग्रंथात आहे आणि त्यात मल्लविनोदाचे वेगळे प्रकरण आहे. मल्लांनी काय खावे, व्यायाम कसा करावा, हे सांगताना ग्रंथकार वय, अंगलट आणि बळ पाहून मल्लांच्या प्रती लावतो. आता युरोपकडे बघा. १८९६ साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक भरले तेव्हा कुस्तीत वजनगटच नव्हते. कार्ल शूमान नावाचा ठेंगणा जर्मन जिम्नॅस्ट आणि लॉन्सेस्टन एलियट हा दांडगा इंग्रज वजनउचल्या सरळ समोरासमोर उभे केले गेले. शूमानने एलियटला लोळवले ही गोष्ट वेगळी. ऑलिंपिक कुस्तीत वजनगट आले ते १९०४ साली, सेंट लुईसला.

आपल्याकडे खेड्यातल्या आखाड्यात काटा नव्हता, पण पंचांची नजर होती. चैत्र-वैशाखात सुगी आटोपली की नाशिक जिल्ह्यात गावोगाव यात्रा भरतात आणि यात्रेच्या दुपारी कुस्त्यांची दंगल होते. सुरुवात लहान पोरांपासून. त्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर किंवा नारळावर. मग हळूहळू रोख इनाम चढत जाते आणि दिवस कलता कलता शेवटची मानाची कुस्ती लागते. लोक मानाच्या कुस्तीसाठी थांबतात. पण पंचांचा खरा घाम निघतो तो दुपारच्या रेवड्यांच्या कुस्त्यांत. मोठ्या मल्लांचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. त्यांची जोड आधीच ठरवून पत्रकावर छापलेली असते. पोरांचे तसे नाही.

जोड लावायची रीत साधी दिसते. पंच एखाद्या पोराचा हात वर धरून त्याला आखाड्याभोवती फिरवतो. गर्दीतून कोणीतरी दुसरा पोरगा पुढे ढकलला जातो. दोघांना खांद्याला खांदा लावून उभे करतात. उंची बघतात, मान बघतात, मांडी बघतात. जाणता पंच आणखी एक गोष्ट बघतो, ती म्हणजे कान. वर्षानुवर्षे मातीत डोके घासून पैलवानाचा कान मोडतो, आक्रसून गाठीसारखा होतो. अंगाने काटकुळा पण कान मोडलेला पोरगा दिसला की पंच समजतो, हा नवखा नव्हे. त्याच्यापुढे गोऱ्यागोमट्या शाबूत कानांचा, दूधतुपावर पोसलेला धष्टपुष्ट मुलगा उभा केला तर गर्दीला बरोबरीची जोड दिसेल, पण तो मुलगा अर्ध्या मिनिटात आभाळ बघेल.

कुस्ती सुरू होण्याआधी मल्लाचे गाव, तालीम आणि वस्ताद यांची नावे पुकारतात. आपण तो मान समजतो, आणि मान तो आहेच. पण त्यात व्यवहारही आहे. लांबच्या गावाहून येऊन, नवशिका असल्याची बतावणी करून, छोट्या इनामाच्या चार-दोन कुस्त्या मारून न्यायच्या, हा उद्योग करणारे महाभाग कमी नसत. वस्तादाचे नाव घ्यायला लावले की त्या लबाडीला आळा बसतो. खोटे बोलायचे तर वस्तादाच्या नावाने बोलावे लागते, आणि ते सहसा कोणाला धजत नाही.

ही झाली दंगल. रोजच्या तालमीत प्रकार निराळा. नवे पोर लंगोट लावून हौद्यात उतरले की वस्ताद त्याला त्याच्याच वयाच्या पोराबरोबर लगेच भिडवत नाही. दोन नवशिके एकमेकांच्या अंगावर पडले तर दोघांनाही इजा व्हायची. तो त्याला एखाद्या मोठ्या पैलवानाच्या हवाली करतो आणि म्हणतो, जरा खेळव याला. खेळवणे ही मोठी अवघड विद्या आहे. मोठ्या पैलवानाने हात राखून लढायचे, पण राखलेला हात दिसू द्यायचा नाही. पोराने पटात शिरायचा यत्न केला तर एकदा शिरू द्यायचे. दुसऱ्यांदा तसाच शिरला तर दाबून धरायचे, म्हणजे पहिल्या वेळी कुठे बरोबर होते ते त्याला उमगते. दहा वेळा पाडायचे आणि अकराव्या वेळी पडायचे. टेबलावरच्या खेळातला सूत्रधारही पुठ्ठ्याचा आडोसा करून फासे टाकतो आणि एखादा जीवघेणा आकडा गपचूप गिळून टाकतो. त्यावरून त्या मंडळींत वादही होतात, की हे खेळवणे की फसवणे?

आपल्या मातीने या वादाचा निकाल जागेवरून लावलेला आहे, आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो. तालमीत हात राखला तर ती विद्या. तोच हात दंगलीत, तिकीट काढून आलेल्या लोकांपुढे राखला तर ती नुरा कुस्ती, आणि नुरा लढणाऱ्याला गाव शिव्या घालते. करणी तीच, फरक एवढाच, की एकीकडे पोर शिकते आणि दुसरीकडे कोणाचा तरी खिसा भरतो.

आता जोडच मिळत नसेल तर काय? याची गोष्ट आपल्या जिल्ह्यातली आहे. बाळंभटदादा देवधर मूळचे निफाड तालुक्यातल्या कोठुऱ्याचे. दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या दरबारात, म्हणजे १७९६ ते १८१८ या काळात, निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन नामांकित मल्ल आले आणि त्यांनी जोड मागितली, असे परंपरा सांगते. पुण्यात कोणी पुढे होईना. पेशव्यांची अब्रू जायची वेळ आली. तेव्हा कोवळ्या वयाच्या बाळंभटाने आव्हान उचलले, पण तयारीसाठी मुदत मागून घेतली. मग तो वणीच्या सप्तशृंग गडावर गेला. तिथे देवीची उपासना करताना झाडांवरच्या वानरांच्या उड्या आणि पकडी पाहून त्याला खांबावरच्या कसरतीची युक्ती सुचली. परत येऊन त्याने अलीला चीत केले आणि गुलाबने माघार घेतली. गोष्टीत मारुतीचा दृष्टांतही आहे. तो ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेने घ्यावा.

लोक ही गोष्ट पराक्रमाची म्हणून सांगतात. मला तिच्यातली मुदत महत्त्वाची वाटते. त्या दिवशी त्या जागी ती कुस्ती लावली असती तर ती जोड नव्हतीच. ती बळी देण्याची तऱ्हा झाली असती. काही काळ मध्ये गेला आणि तीच दोन माणसे एकमेकांच्या जोडीची झाली.

मल्लखांबाचा उल्लेख ‘मानसोल्लासा’तही सापडतो, त्यामुळे बाळंभटांनी तो शून्यातून काढला असे नव्हे, मागे पडलेली विद्या त्यांनी उभी केली आणि शिष्य तयार करून तिचा प्रसार केला. नवख्याच्या दृष्टीने मल्लखांब म्हणजे काय? जमिनीत पुरलेला, खाली जाड आणि वर निमुळता, एरंडेलाने गुळगुळीत केलेला लाकडी खांब. नावातच सांगितले आहे, हा मल्ल आहे. पण हा मल्ल उलट डाव टाकत नाही, चिडत नाही आणि काल होता त्यापेक्षा आज बळकट होत नाही. मुलगा अढी घालायला शिकतो, घसरतो, पुन्हा घालतो. मग तेढी, दसरंग, उड्या. कितीही वेळा हरला तरी त्याची मान कोणी मुरगळत नाही. नव्या गड्यासाठी याहून प्रेमळ शत्रू शोधून मिळायचा नाही.

आधुनिक कुस्तीने नजरेच्या जागी काटा आणला. ते चांगलेच झाले. पंच गावचा असतो, पाहुण्यांचाही असतो. काट्याला सोयरे नसतात. मात्र काटा फक्त वजन सांगतो. सहा महिने झालेला पोरगा आणि आठ वर्षे मातीत मुरलेला पोरगा, दोघेही ५७ किलो भरले की काट्याच्या लेखी सारखेच. दमसास किती उरला आहे हेही काट्याला कळत नाही.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचे उदाहरण घ्या. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला ते गेले तेव्हा मॅटवरची कुस्ती आणि तिथले नियम त्यांना नवे होते. वजनाने जोड बरोबर होती, अनुभवाने नव्हती. तरी त्यांनी फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळवला. चार वर्षांनी, १९५२ साली हेलसिंकीला ते बँटमवेट गटात उतरले. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची प्रदीर्घ, दमवणारी लढत झाली. ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामादबेयोवपुढे उभे राहायला सांगण्यात आले. दोन लढतींमध्ये निदान अर्धा तास विश्रांती मिळावी असा नियम होता. पण तो नियम पुढे करायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले आणि कांस्यपदकावर थांबले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावच्या दंगलीत वस्ताद कडेला उभा असतो आणि ‘पोराला दम घेऊ द्या’ म्हणून पंचांशी भांडतो. हेलसिंकीत नियम छापलेला होता, भांडायला वस्ताद नव्हता.

जोड चुकली तर काय जाते, हे पैलवानाच्या घरी विचारावे. एका मुलाला तालमीत ठेवायचे म्हणजे दूध, तूप, बदाम. शेतकऱ्याच्या घरात बाकीच्या भावंडांच्या ताटातले काढून त्याला घालायचे. असा मुलगा पहिल्याच यात्रेत बेमेळ जोडीत सापडून खांदा निखळवून आला की आई म्हणते, पुरे झाली तालीम. पुष्कळदा तिथेच संपते. मुलींचे तर त्याहून अवघड होते. आखाड्यात उतरलेल्या मुलीला जोडीची मुलगीच मिळत नसे; मग मुलाशी लढायचे किंवा नुसते बघायचे. महिलांची महाराष्ट्र केसरी सुरू व्हायला २०२३ साल उजाडावे लागले. सांगलीला झालेल्या त्या पहिल्या स्पर्धेत प्रतीक्षा बागडी जिंकली. पुरुषांची स्पर्धा १९६१ पासून चालू आहे. मधल्या बासष्ट वर्षांत किती मुली जोडीअभावी घरी परतल्या असतील, कोण मोजणार!

जाता जाता नाशिकची एक अलीकडची जोड सांगतो. जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली. एकीकडे नाशिकचा हर्षवर्धन सदगीर, दुसरीकडे लातूरचा शैलेश शेळके. एक गादी विभागातून आलेला, दुसरा माती विभागातून. आणि दोघेही पुण्यात एकाच वस्तादाचे, काका पवारांचे पठ्ठे. रोज एकमेकांना खेळवून तयार झालेले. कोणाची पकड कुठे ढिली पडते हे दोघांनाही पाठ. कुस्ती निसटत्या गुणांनी सुटली. सदगीर जिंकला आणि त्याने शेळकेला खांद्यावर उचलून घेतले.