उघडं कार्ड, बंद पाकीट



बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब संपला की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. वयात आलेल्या लेकीचा, मुलाचा मोबाईल आईबापानं बघावा का? बघितला तर पोर चिडतं, नाही बघितला तर आपल्याला झोप लागत नाही. हा प्रश्न मोबाईलबरोबर आला असं वाटतं, पण तो बराच जुना आहे.

१८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. त्या काळी मुलींच्या शिक्षणाला जे विरोध करत, त्यांच्या मनात एक भीती अशीही होती, की लिहिता आलं तर मुली नको त्याला चिठ्ठ्या लिहितील. म्हणजे मुलीच्या हाती नवं साधन आलं, की आधी संशय यायचा तो तिच्यावरच.

पुढे १ जुलै १८७९ला पोस्टकार्ड आलं. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. गरिबालाही परवडणारं, पण उघडं. पोस्टमन वाचणार, शेजारी वाचणार, ज्या घरात कुणाला वाचता येत नाही तिथं तर ते मोठ्यानं वाचून दाखवलं जाणार. त्यामुळे कार्डावर फक्त खुशाली मावायची. सासरी जाच असला तरी सासुरवाशीण लिहिणार, ‘मी सुखात आहे, काळजी नसावी.’ १९५० साली घडी घालून चिकटवायचं निळं आंतरदेशीय पत्र आलं. पण पुष्कळ घरांत तेही आधी मोठी माणसंच फोडायची. मग त्यातही खुशालीच.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. जे पत्र सगळे वाचणार, त्यात खरं दुःख कुणी लिहीत नाही. आज आपण चोरून मोबाईल तपासला, तर आपल्यालाही खुशालीच दिसेल. बाकीचं पोरांनी आधीच पुसलेलं असेल.

म्हणून आईबापानं डोळे मिटून बसायचं का? नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालहक्कांचा करार केला. भारतानं तो १९९२ साली मान्य केला. त्यातलं सोळावं कलम मुलांच्या खासगीपणाचं आणि पत्रव्यवहाराचं रक्षण करतं. पाचवं कलम आईबापाचा मार्गदर्शनाचा अधिकार मानतं, पण मुलाची समज वाढेल तसं ते मार्गदर्शनही बदलावं असं सांगतं. आपल्याकडचा २०१२चा पोक्सो कायदाही असाच दोन्ही बाजू धरतो. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते दडवायचं नाही, पोलिसांना कळवायचं. आणि त्या मुलाची ओळख मात्र प्रसिद्ध होऊ द्यायची नाही.

१९९६ साली मुंबईत चाइल्डलाइनचं काम सुरू झालं, त्याचा नंबर १०९८. हा फोन मूल स्वतः करू शकतं. मुलाला ऐकून घेणारं कुणीतरी हवं, हे त्यामागचं साधं शहाणपण.

आता आपल्या घराकडे बघू. पोरीच्या मोबाईलवर मुलाचा मेसेज दिसला की शाळा बंद, आणि लग्नाची बोलणी सुरू, असं अजूनही घडतं. हे तिला माहीत असतं. मग उद्या कुणी फोटोवरून धमकावलं, तर ती आईला सांगेल का? नाही सांगणार. धमकावणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

म्हणून घरात आधीच ठरवून टाका. कोणती गोष्ट बघणार, ती तिच्यासमोर बघणार. धोक्याची शंका आली तर विचारणार, आणि गप्प बसणार नाही. आणि मुख्य म्हणजे एक शब्द द्या: ‘काहीही घडलं तरी तुझी शाळा बंद होणार नाही.’ हा शब्द मुलीलाही द्या, मुलालाही द्या. आणि दिला तर पाळा.