डेक्कन क्वीनमधला प्राध्यापक

कर्जतच्या माणसाला घाट चढणाऱ्या गाड्यांचं अप्रूप नसतं. मागून बँकर इंजिन लागतं, वडेवाले धावतात, गाडी निघते. पण दा. ध. म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी याच घाटातून नोकरीला जात हे कळल्यापासून मी डेक्कन क्वीनकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो.

कोसंबी गणिती. जन्म १९०७, गोव्यातला. हार्वर्डहून १९२९ साली पदवी घेऊन परतले, बनारस, अलीगढ, मग फर्ग्युसन कॉलेज. १९४६ पासून मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. घर मात्र पुण्यातच, भांडारकर संस्थेच्या रस्त्यावर. म्हणून डेक्कन क्वीनने ये-जा. आजही ही गाडी एका बाजूला तीन तासांहून जास्त वेळ घेते. मी कर्जतहून ऐरोलीला जातो, जाऊन-येऊन चार तास, आणि त्याबद्दल घरी रोज कुरकुर करतो. असो.

आता बघा, या नोकरीच्या काळात माणसाने काय काय केलं! १९४८ मध्ये भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती, १९५६ मध्ये भारताच्या इतिहासावरचं गाजलेलं पुस्तक. त्याआधीपासून जुन्या ठोक्याच्या नाण्यांची हजारोंनी वजनं घेतलेली, कारण नाणं हातोहात फिरून किती झिजतं हे संख्याशास्त्राने मोजता येतं. शिवाय जागतिक शांतता परिषदेचं काम, त्यासाठी रशिया-चीनच्या वाऱ्या. आणि सुट्टीच्या दिवशी पायपीट. बौद्ध लेणी व्यापारी वाटांवर, घाटांच्या तोंडाशी का आहेत, हे त्यांनी चालून शोधलं. आमची कोंढाण्याची लेणी राजमाचीच्या पायथ्याला आहेत. शाळेच्या सहलीत आम्ही तिथे फक्त डबे खाल्ले!

पण हे सगळं छान जमलं असं म्हणवत नाही. १९५९ मध्ये रीमानच्या प्रश्नाची उकल म्हणून त्यांनी जे छापलं ते चुकीचं होतं, आणि गणितातल्या त्यांच्या नावाला धक्का बसला. अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जा देशाला परवडेल असं ते जाहीरपणे सांगत, तेही होमी भाभांच्या संस्थेत राहून. (खोपोलीत टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ पासून आहे, त्यामुळे वीज कुठून आणायची हा वाद आमच्या खालापूरकरांना नवा नाही.) १९६२ मध्ये करार वाढवला गेला नाही. १९६६ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, ते गेले.

आणि घर? १९३१ मध्ये नलिनी माडगावकरांशी लग्न, माया आणि मीरा या दोन मुली. नवरा गाडीत, नाहीतर डोंगरात, नाहीतर परदेशी परिषदेला. घर कोणी चालवलं असेल हे सांगायला गणिती लागत नाही. त्यांच्या वडिलांनी, धर्मानंदांनी, १८९९ मध्ये बायको बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागे ठेवून बौद्ध धर्म शिकायला घर सोडलं होतं. मुलाने घर सोडलं नाही. पण चरित्रांत नलिनीबाईंच्या वाट्याला एखाददुसरी ओळच येते, आणि मला ते खटकतं.

खटकायला कारण आहे. रविवारी मी एका आदिवासी वाडीवर मुलांना गणित शिकवायला जातो. लोक कौतुक करतात, बरं वाटतं. मागच्या रविवारी बायको म्हणाली, "तू वाडीवरच्या सोळा पोरांची नावं घडाघडा सांगतोस. आपल्या पोरीला बालवाडीत कोणत्या बाई आहेत, सांग बघू?" मला सांगता आलं नाही.

गंमत म्हणजे धाकटी मीरा पुढे समाजशास्त्रज्ञ झाली, आणि आजोबांचं निवडक लेखन इंग्रजीत तिनेच २०१० मध्ये आणलं. २०१२ मध्ये वडिलांवरचं पुस्तकही तिनेच संपादित केलं. घराबाहेर राहिलेल्या दोन बापांचे कागद शेवटी घरातल्या मुलीने लावले.

या रविवारी वाडीवर जायचंय, पण दुपारनंतर. सकाळी बालवाडीतल्या बाईंचं नाव पोरीकडूनच विचारून घेतो.