ऐकले किती, उमगले किती?

बारावीचा निकाल लागला की काही विद्यार्थी 'मास मीडिया'ला जायचे म्हणतात. घरी पहिला प्रश्न येतो, "त्यात शिकण्यासारखे काय असते?" लिहिता-बोलता येत असेल तर सरळ वर्तमानपत्रात जावे, येत नसेल तर तीन वर्षांत ते येणार आहे का? हाच प्रश्न घेऊन पालक शिक्षकांकडे येतात. आपल्यासारख्या विज्ञानवाल्यांच्या मनात आणखी एक शंका असते : गणित टाळायचे म्हणून तर हा मुलगा तिकडे निघाला नाही ना?

पालकांचा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. त्याचे उत्तर मात्र मधल्या काळात बदलत गेले, आणि त्या बदलात गणिताचा वाटा मोठा आहे. म्हणून ही हकिगत शिक्षकांना ठाऊक असावी असे आम्हाला वाटते.

आधी हुन्नर

१९०८ साली अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात वॉल्टर विल्यम्स यांनी पत्रकारितेची स्वतंत्र शाळा सुरू केली. विल्यम्स स्वतः महाविद्यालयात शिकलेले नव्हते. छापखान्यात काम करत ते संपादक झाले होते. वर्ग सुरू झाले त्याच दिवशी विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राचा पहिला अंक निघाला. करता करता शिकावे, अशी ही पद्धत. पुढे १९१२ मध्ये जोसेफ पुलित्झर यांच्या देणगीतून कोलंबिया विद्यापीठात दुसरी शाळा निघाली. पत्रकार जन्मावा लागतो, घडवता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना पुलित्झर यांनी १९०४ मध्येच लेख लिहून उत्तर दिले होते.

या शाळांत बातमी कशी लिहावी, मथळा कसा द्यावा, पान कसे लावावे हे शिकवले जाई. ते आवश्यकच होते. पण छापलेले वाचून वाचकाच्या डोक्यात काय होते, हा प्रश्न तिथे फारसा निघत नसे. तो भलतीकडूनच आला.

मक्याचे बियाणे आणि मतदार

आयोवा राज्यात १९२८ च्या सुमारास मक्याचे संकरित बियाणे शेतकऱ्यांना मिळू लागले. उत्पन्न सुमारे २० टक्के जास्त येई. मात्र बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागे. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या ग्रामीण समाजशास्त्रज्ञांनी दोन वस्त्यांतील २५९ शेतकऱ्यांना विचारले : तुम्ही या बियाण्याविषयी प्रथम कधी ऐकले? कोणाकडून? आणि पेरले कधी?

१९४१ पर्यंत २५९ पैकी दोघे सोडून सर्वांनी ते पेरले होते. पण ऐकणे आणि पेरणे यांत अनेकांच्या बाबतीत कित्येक वर्षांचे अंतर होते. माहिती पुष्कळांना प्रथम बियाणे विकणाऱ्यांकडून मिळाली. निर्णय घेताना मात्र शेजाऱ्याच्या शब्दाला जास्त वजन होते. बियाणे वापरणाऱ्यांची एकूण संख्या वर्षांनुसार आलेखावर मांडली, तर आधी संथ, मग एकदम चढणारी आणि शेवटी सपाट होणारी रेषा मिळते. जीवाणूंच्या वाढीचा जो आलेख आपण जीवशास्त्राच्या तासाला काढतो, त्याच्याच जातीची ही रेषा. रायन आणि ग्रॉस यांचा हा अभ्यास १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला.

याच सुमारास पॉल लाझार्सफेल्ड मतदारांचा अभ्यास करत होते. व्हिएन्नाच्या या गृहस्थांची डॉक्टरेट गणितातली. प्रबंधाचा विषय आइन्स्टाइनचा गुरुत्वसिद्धांत आणि बुधाचे भ्रमण. १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी त्यांनी ओहायोतील एका परगण्यात सुमारे ६०० मतदारांच्या एकाच गटाला मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा भेटून प्रश्न विचारले. त्याच माणसांना पुन्हा विचारल्यामुळे कोणाचे मत कधी बदलले हे नेमके कळले. रेडिओ आणि वर्तमानपत्रांनी मते सरसकट फिरवल्याचे दिसले नाही. अनेकांपर्यंत प्रचार पोहोचला तो ओळखीतल्या, राजकारणात रस असलेल्या एखाद्या माणसाच्या तोंडून.

प्रसारमाध्यम म्हणजे इंजेक्शन, टोचले की गुण येणारच, ही समजूत अशा अभ्यासांपुढे टिकली नाही.

पुणे, १९५६

हे सारे अमेरिकेत चालले होते. आपल्याकडे रेडिओ खेड्यांत नुकता पोहोचत होता, आणि सरकारपुढे प्रश्न होता की त्यावरून शेतीची माहिती दिली तर तिचा उपयोग होतो का. उत्तर शोधायचा प्रयत्न पुण्यात झाला.

कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची श्रोता मंडळे चालत : एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा आणि नंतर चर्चा करायची. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे केंद्रावरून तसाच प्रयोग केला. पाच मराठीभाषक जिल्ह्यांतली सुमारे १५० गावे निवडली. प्रत्येक गावात वीसएक जणांचे मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम. ऐकून झाले की चर्चा. अडलेले प्रश्न केंद्राकडे पाठवायचे आणि त्यांची उत्तरे पुढच्या एखाद्या कार्यक्रमात ऐकायची.

परिणाम तपासण्याचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते. त्याचे प्रमुख पॉल नॉयरथ हे नाझींच्या छळछावण्यांतून सुटून अमेरिकेत गेलेले आणि कोलंबिया विद्यापीठात शिकलेले समाजशास्त्रज्ञ. लाझार्सफेल्ड तिथेच प्राध्यापक होते.

नॉयरथ यांनी केवळ मंडळांच्या गावांत विचारणा केली असती, तर काय झाले असते? दहा आठवड्यांत माहिती वाढलेली दिसली असती. पण ती रेडिओमुळे, ग्रामसेवकामुळे की बाजारातल्या गप्पांमुळे, हे सांगता आले नसते. म्हणून त्यांनी तुलनेसाठी आणखी दोन प्रकारची गावे घेतली : रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओच नाही अशी. सर्वांना प्रयोगाआधी आणि नंतर प्रश्न विचारले. एका कुंडीला खत, दुसरीला नुसते पाणी, हा आपल्या ओळखीचाच प्रकार!

मंडळांच्या गावांत माहिती लक्षणीय वाढली. मंडळ नसलेल्या गावांतली वाढ, रेडिओ असूनही, त्यापुढे किरकोळ होती. शिवाय काही मंडळे ऐकण्यापुरती न राहता गावाच्या कामांचे निर्णय घेऊ लागली. १९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली. दीडशे गावांवर जेवढे लक्ष ठेवता येते तेवढे हजारो गावांवर ठेवणे अवघड असते, हा धडाही त्यातून मिळाला. पुढे १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील दोन हजारांहून अधिक खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा 'साइट' प्रयोग झाला, तेव्हा कार्यक्रम करणाऱ्यांबरोबर समाजशास्त्रज्ञांची पथकेही सुरुवातीपासून होती.

पदवीच्या वर्गात काय शिकावे?

आपल्याकडे पत्रकारितेचे शिक्षण १९४१ मध्ये लाहोरला पंजाब विद्यापीठात सुरू झाले. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात ते १९५० च्या दशकात आले. बराच काळ हे मुख्यतः पदवीनंतरचे अभ्यासक्रम होते. बारावीनंतर थेट तीन वर्षांचा 'बी.एम.एम.' मुंबई विद्यापीठाने २००० साली आणला. २०१९ मध्ये त्याचे नाव बदलले.

अशा अभ्यासक्रमात कॅमेरा, संकलन, लेखन हे हवेच. पण हत्यारे बदलतात. शिशाचे खिळे जुळवणे गेले, फिल्मची रिळे गेली. आज शिकलेले सॉफ्टवेअर विद्यार्थ्याच्या नोकरीच्या मध्यावरही टिकेल असे नाही. 'हा संदेश कोणापर्यंत पोहोचला, त्याने काय बदलले, आणि ते त्यामुळेच बदलले कशावरून?' हा प्रश्न मात्र टिकतो. लसीकरणाची मोहीम असो वा मोबाइलवर पसरलेली अफवा, तो विचारता आला नाही तर नुसता अंदाज उरतो, आणि त्या अंदाजावर लोकांचे आरोग्य आणि पैसा पणाला लागतो. हा प्रश्न विचारायला नमुना निवडणे, टक्केवारी, सरासरी आणि तुलना यावेच लागते. तेव्हा गणित टाळण्यासाठी इकडे येऊ पाहणाऱ्याला आधीच सावध केलेले बरे. आणि ज्याला माणसे व आकडे दोन्ही आवडतात, त्याला खुशाल प्रोत्साहन द्यावे.

करून पाहा

पुण्याचा प्रयोग शाळेत लहान प्रमाणावर करता येईल. नववीच्या तीन तुकड्या घ्या. विषय एकच, उदाहरणार्थ डेंग्यूचा डास. सर्वांना आधी दहा प्रश्न द्या. मग एका तुकडीला ध्वनिक्षेपकावरून पाच मिनिटांची माहिती ऐकवा. दुसरीला तीच ऐकवून पाच-पाचच्या गटांत दहा मिनिटे चर्चा करू द्या. तिसरीला काहीच सांगू नका. आठवड्याने तेच प्रश्न पुन्हा द्या आणि वाढलेल्या गुणांची सरासरी काढा. तुकड्या एकमेकींशी मधल्या सुट्टीत बोलल्या तर काय होईल, हेही मुलांनाच विचारा. तिसऱ्या तुकडीला नंतर ती माहिती द्यायला मात्र विसरू नका.