ट्रोलिंग मोटर म्हणजे काय? चंद्रपूर-गडचिरोलीच्या पाण्यात तिच्यावर नाव कशी वळवतात?

चंद्रपूर आणि गडचिरोलीत मासेमारी म्हटले की समोर येतो तो डोंगा. पूर्वी एकाच झाडाचे खोड कोरून तो बनवत. आता फळ्यांच्या, पत्र्याच्या आणि फायबरच्या नावाही दिसतात. ढिवर, भोई, केवट या समाजांतले मच्छीमार बांबू आणि वल्ह्याच्या जोरावर त्या हाकतात. बॅटरीवर चालणारी छोटी मोटर हे काम हलके करू शकते. पण ती कुठल्या पाण्यात चालते आणि कुठल्या पाण्यात धोका देते, हे विकत घेण्याआधी समजून घ्यायला हवे.

मोटर नेमकी काय असते?

लांब दांडी, खालच्या टोकाला पाण्यात बुडालेली विजेची मोटर आणि पंखा, वर हँडल. रचना एवढीच. अमेरिकेत 1934 च्या सुमारास अशा मोटरी बनू लागल्या. गळ पाण्यात सोडून नाव संथपणे पुढे नेत मासे धरण्याच्या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. थोडक्यात, मोटर मुळात वेगासाठी नाहीच. हळू, आवाज न करता आणि नेमक्या जागी नाव नेणे हे तिचे काम.

तिची ताकद पौंडात सांगतात. 55 पौंडांची मोटर म्हणजे साधारण 25 किलोचा धक्का. नाव, माणसे, जाळे, बॅटरी असे सगळे वजन धरून दर 100 किलोमागे किमान 2 किलो धक्का हवा, असा ढोबळ हिशोब आहे. म्हणजे 400 किलोच्या नावेला 8 किलो, सुमारे 18 पौंड. वारा आणि गवत यांचा विचार करून 30 पौंडांच्या पुढची मोटर घेणे बरे. मात्र मोठी मोटर घेतली म्हणून वेग दुप्पट होत नाही. लहान नावेचा वेग ताशी 5 ते 7 किलोमीटरच्या आसपासच राहतो.

नाव वळते कशी?

या मोटरीला वेगळे सुकाणू नसते. पंख्याची दिशा हेच सुकाणू. त्यामुळे पंखा थांबला की वळवण्याची ताकदही जवळपास संपते.

* हाताचे हँडल: मोटर नावेच्या मागच्या टोकाला बसवतात. हँडल डावीकडे ढकलले की नावेचे तोंड उजवीकडे वळते. सुरुवातीला हे उलटे वाटते, म्हणून पहिला सराव उथळ, मोकळ्या पाण्यात करावा. हँडल पिळून वेग कमी-जास्त होतो.
* पायाचे पेडल: मोटर पुढच्या टोकाला असते आणि नावेला ओढत नेते. दोन्ही हात जाळ्यासाठी मोकळे राहतात. वाऱ्यातही नाव जास्त सरळ जाते.
* रिमोट आणि जीपीएस: महागड्या मोटरी उपग्रहाच्या मदतीने नाव एकाच जागी धरून ठेवतात, नांगर न टाकता. पण त्यासाठी बॅटरी सतत खर्च होते.

अरुंद डोंग्याला मागे मोटर बसवायला सपाट जागा नसते. अशा वेळी आडवी फळी बांधून ती बाजूला लावावी लागते. मग धक्का मधोमध राहत नाही. मोटर उजव्या बाजूला असेल तर नाव डावीकडे ओढली जाते आणि हँडल सतत थोडे वळवून धरावे लागते.

बॅटरी किती पुरते?

55 पौंडांची मोटर पूर्ण वेगात साधारण 50 अँपिअर वीज खाते. 100 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर दोन तास चालेल. पण शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवली तर तिचे आयुष्य घटते, म्हणून हिशोब एका तासाचाच धरावा. वेग निम्म्यावर आणला तर तीच बॅटरी कित्येक पट पुरते.

अशी बॅटरी 25 ते 30 किलोची असते. माणूस आणि मोटर मागे असल्याने ती मध्यभागी किंवा थोडी पुढे, तळाशी बांधून ठेवावी. बॅटरीजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज हवाच.

तलावात अडचण गवताची

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. त्यांना मामा तलावही म्हणतात. त्याशिवाय आसोलामेंढा, घोडाझरीसारखे मोठे तलाव आहेत. संथ पाणी ही या मोटरीची खरी जागा.

तलावात अडचण येते ती शिंगाड्याचे वेल, कमळ, जलपर्णी आणि मच्छीमारांचीच जाळी पंख्यात अडकण्याची. अडकल्यावर आधी वेग शून्य करावा, मग काही क्षण उलटा पंखा फिरवून पाहावा. हाताने काढायचे असेल तर बॅटरीची तार सोडवल्याशिवाय पंख्याला हात लावू नये. पंखा पाण्याखाली साधारण एक फूट असावा. त्याहून वर आला तर तो हवा ओढतो आणि धक्का कमी होतो. उन्हाळ्यात तलाव आटतो तेव्हा मोटर वर उचलून बांबूच हाती घ्यावा लागतो.

नदीत हिशोब बदलतो

वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती या नद्या संथ दिसल्या तरी पावसाळ्यात त्यांचे रूप वेगळे असते. गोसेखुर्द धरणातून विसर्ग वाढला की खाली गडचिरोलीपर्यंत वैनगंगेची पातळी चढते.

मोटरीचा वेग ताशी 6 किलोमीटर धरू. प्रवाह सेकंदाला 1 मीटर, म्हणजे ताशी 3.6 किलोमीटर असेल, तर उलट दिशेने नाव ताशी जेमतेम 2.4 किलोमीटर पुढे जाईल. प्रवाह सेकंदाला 2 मीटर झाला की पूर्ण वेगातही नाव मागे वाहील. नदी ओलांडतानाही तेच. 300 मीटर रुंद पात्रात तोंड समोर ठेवून गेले, तर पहिल्या प्रवाहातच नाव सुमारे 180 मीटर खाली लागते. म्हणून तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरपे धरावे लागते.

मोटर नावेला तोलही देत नाही. 23 जानेवारी 2024 रोजी चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेत मिरची तोडायला निघालेल्या महिलांची नाव उलटली आणि त्यात महिलांचे जीव गेले. तेव्हा पावसाळा नव्हता. भार, तोल आणि लाइफ जॅकेट यांचा विचार मोटर असो वा नसो, बाराही महिने करावा लागतो.

घेण्याआधी तीन गोष्टी

1. तलाव कोणत्या मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने आहे, हे पाहावे. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात मासेमारीला बंदी आहे. इतर वनक्षेत्रांत आधी वन विभागाला विचारावे.
2. नाव यंत्रावर चालू लागली की नोंदणीचा प्रश्न येतो. त्यासाठी 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे.
3. वल्हे आणि बांबू नावेतून काढू नयेत. बॅटरी उतरली किंवा पंखा अडकला, तर काठापर्यंत तेच आणतात.