जिभेची कसरत आणि इंग्रजीचा तास

इ.स. १८१३ मध्ये लंडनच्या जॉन हॅरिस यांनी 'पीटर पायपर'चे पुस्तक प्रसिद्ध केले. अक्षरक्रमाने रचलेली त्यातील बोबडी वळवणारी वाक्ये शुद्ध उच्चारांसाठी आहेत, हे पुस्तकाच्या लांबलचक नावातच सांगितले होते.

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आले. पालघर-बोईसर भागात घरी वारली, मांगेली, गुजराती वा हिंदी बोलणारी मुले एकाच वर्गात बसतात. त्यांना कोणती वाक्ये द्यावीत?

'स-श'ची इंग्रजी वाक्ये प्रसिद्ध आहेत. पण हे दोन्ही ध्वनी मराठीत आहेतच. खरी अडचण 'व'ची. मराठीत तो एकच, इंग्रजीत दोन. 'व्हेस्ट' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. 'वेस्ट' म्हणताना ओठ गोल होतात. 'प'चेही तसेच. ओठांसमोर कागदाची पट्टी धरा. 'पान' म्हणताना ती जेमतेम हलते. इंग्रज माणसाच्या 'पेन'ला मात्र श्वासाच्या झोताने उडते. हा झोत नसेल तर त्याला 'बेन' ऐकू येण्याचा संभव असतो.

म्हणून आधी ध्वनी, मग वाक्य, शेवटी वेग. वेगात सर्वांचीच जीभ अडखळते, गुरुजींचीही. मग एकट्या वारली मुलाच्या उच्चाराला कोण हसणार?